मोतीबिंदू आणि शेणव्याची वाट

(नभोवाणीवरील भाषण)

मनुष्याला जी नाना प्रकारची दुःखे भोगावी लागतात, त्यांपैकी काहींवर अद्याप उपाय सापडलेला नाही. काहींवर उपाय आहे, परंतु तो श्रीमंतांनाच परवडेल असा आहे. आणि काही दुःखे अशी आहेत की, त्यांवरचा उपाय माहीत आहे, तो थोड्या वेळात होतो, पुष्कळ ठिकाणी तो फुकट मिळतो, आणि तरीही ती दुःखे जशीच्या तशी उरतात. मोतीबिंदूने येणारे आंधळेपण ह्या तिसऱ्या वर्गात मोडते. ते का उरते, ह्याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे; आणि विचार हवेत राहू नये म्हणून ठाणे जिल्ह्यातील एक गाव डोळ्यांपुढे ठेवावयाचे आहे. त्या गावाचे नाव शेणवा.

शेणवा हे शहापूर तालुक्यातील गाव. कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने आसनगावास उतरावे, शहापूर गाठावे, आणि तेथून आत किन्हवली-डोळखांबाच्या मुलखाकडे वळावे. पलीकडे मुरबाड तालुका लागतो. भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, मध्ये मध्ये रान, आणि त्या रानाच्या कडेने ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी ह्यांचे पाडे, असा हा सारा प्रदेश आहे. मुंबईपासून आसनगाव सुमारे ८५ किलोमीटर. मुंबईकर श्रोत्यांना हा तालुका परका वाटण्याचे काही कारण नाही. कारण त्यांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग ह्याच तालुक्यातून येतो. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले आणि भातसाचे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तेव्हापासून तेथले पाणी न चुकता रोज शहरात पोचते. तेथल्या आंधळ्या माणसाला मात्र तेवढेच अंतर ओलांडून डॉक्टरपर्यंत पोचणे कठीण जाते.

प्रथम हा रोग काय आहे ते थोडक्यात पाहू. डोळ्याच्या बाहुलीच्या मागे एक लहानसे पारदर्शक भिंग असते. वय वाढले म्हणजे केस जसे पांढरे होतात, तसे हे भिंग हळूहळू गढूळ होते. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. डोळ्यावर बाहेरून काही सारा येतो ही समजूत चुकीची आहे. मधुमेह, डोळ्यास झालेली इजा, तंबाखूचे धूम्रपान, काही औषधांचे दीर्घ सेवन आणि प्रखर ऊन ह्यांनी ही क्रिया लवकर घडते. त्यात दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही; आणि म्हणूनच रोगी तक्रार करीत नाही. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून गढूळ भिंग पुन्हा स्वच्छ झाल्याचे उदाहरण नाही. ते काढावेच लागते.

ते काढण्याची, निदान बाजूला सारण्याची, विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत लिंगनाश ह्या नावाखाली ह्या व्याधीचे वर्णन असून, यवाच्या टोकासारखे टोक असलेल्या शलाकेने डोळा कसा वेधावा हे तेथे सांगितलेले आहे. ह्या रीतीने भिंग डोळ्यातच खाली पाडले जाई व प्रकाशाला वाट मोकळी होई. गावोगाव हिंडणाऱ्या वैदूंनी ही विद्या पुढे शेकडो वर्षे चालविली; परंतु ज्याला आज दिसू लागले, त्याचा डोळा काही दिवसांनी कायमचा जावा, असेही पुष्कळदा घडे. १७४७ मध्ये पॅरिस येथे दाव्हियेल ह्या शस्त्रवैद्याने भिंग बाहेर काढण्याची रीत आरंभिली. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे शस्त्रक्रिया म्हटली की रोग्याने डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसचे दिवस उताणे पडून राहावे, आणि नंतर जन्मभर जाड भिंगांचा चष्मा लावावा. तो चष्मा फुटला की पुन्हा आंधळेपण. ज्या घरात तेलमिठाची चणचण, तेथे फुटलेला चष्मा कोण भरून देणार?

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक आवरणाच्या ठिकऱ्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसल्या. त्या द्रव्याचा डोळ्याला उपद्रव होत नाही, हे हॅरल्ड रिडले ह्या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानात आले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याने त्याच जातीच्या द्रव्याचे कृत्रिम भिंग मनुष्याच्या डोळ्यात प्रथम बसविले. त्याच्या समव्यवसायी मंडळींनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. परंतु अखेर तीच रीत जगाने स्वीकारली. आता केवळ डोळा बधिर करून काही मिलिमीटरांचा छेद घेतात. तो टाक्यावाचून आपोआप मिटतो. गढूळ भिंग काढून नवे बसविण्यास बहुधा अर्ध्या तासाहूनही कमी वेळ लागतो, आणि रोगी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. मनुष्याच्या हाती आलेल्या विद्यांपैकी इतक्या अल्प श्रमात इतके मोठे फळ देणाऱ्या विद्या फारच थोड्या असतील.

असे असूनही जगाची स्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दृष्टीविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. जगात निदान २२० कोटी लोकांची दृष्टी अधू आहे, आणि त्यांपैकी निदान १०० कोटी लोकांचे दुःख टाळता आले असते किंवा त्यावर अद्याप उपचार झालेला नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याच संघटनेच्या नंतरच्या अंदाजाप्रमाणे ह्या १०० कोटींत मोतीबिंदूचे रोगी सुमारे ९ कोटी ४० लाख. आपल्या देशात अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९४ ते २००२ ह्या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने जी मोतीबिंदूनिवारणाची योजना काही राज्यांत राबविली गेली, तीत महाराष्ट्र होता. पुष्कळ काम झाले, ह्यात संशय नाही. तरीसुद्धा २०१५ ते २०१९ ह्या वर्षांतील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत शेकडा १.९९ आंधळे आढळले, आणि त्यांपैकी शेकडा ६६.२ जणांच्या आंधळेपणाचे कारण मोतीबिंदू हेच निघाले. येथे आंधळा म्हणजे, ज्याला अधिक चांगल्या डोळ्यानेही तीन मीटरांवरची बोटे मोजता येत नाहीत असा मनुष्य.

मग अडते कोठे? हे समजण्यासाठी शेणव्याच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावरील साठीपुढची एक बाई कल्पनेने पाहू. तिचा एक डोळा अधू होतो. दुसरा असतो म्हणून काही अडत नाही. मग दुसराही मंदावतो. विहिरीची वाट पायांना पाठ असते. तांदूळ निवडणे मात्र सुटते, सुईत दोरा ओवणे सुटते, शेळ्यांमागे जाणे सुटते. "वय झाले," असे ती म्हणते व घरचेही म्हणतात. हा रोग आहे, असे कोणी म्हणतच नाही. ही पहिली अडचण.

समजा, गावच्या आशा कार्यकर्तीने तिला हेरले आणि चिठ्ठी मिळाली. आता तिला न्यावयाचे कोणी? आंधळ्या माणसाला एकट्याने जाता येत नाही. बरोबर मुलगा गेला तर त्याची मजुरी बुडते. पावसाळ्यात भाताची आवणी, पुढे कापणी आणि झोडणी. आणि ती आटोपून दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हातारे माणूस एक तर पाड्यावर मागे राहते, नाही तर भट्टीवर जाऊन पडते; आणि तेथे त्याला ओळखणारी कार्यकर्तीही नसते. शहरातील शिबिरांचा हंगाम थंडीचा, आणि पाडे रिकामे होण्याचा हंगामही तोच! तिची काठी धरावयास आठ-दहा वर्षांची नात उरते, आणि त्या काठीपायी त्या मुलीची शाळा सुटते. एका माणसाच्या आंधळेपणाने दोन माणसे घरी बसतात.

ह्यावरही मात करून ती रुग्णालयात पोचली, तर रक्तातील साखर किंवा रक्ताचा दाब वाढलेला निघतो. "पुढच्या आठवड्यात या," असे तिला सांगण्यात येते. सांगणाऱ्याचे चुकत नाही. तसे न सांगता चाकू धरणे धोक्याचे असते. परंतु शहरवासीयाला पुढचा आठवडा म्हणजे रिक्षाची एक फेरी. आणि तिला पुढचा आठवडा म्हणजे पुन्हा मुलाची मजुरी, पुन्हा गाडीभाडे, पुन्हा एक रात्र कोठे तरी ओसरीवर. शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे वेळेवर थेंब घालावयाचे, चुलीच्या धुरापासून व मळक्या पाण्यापासून डोळा जपावयाचा, आणि तपासणीसाठी पुन्हा जावयाचे. ह्या सर्वांवर भीतीचे सावट असते. शेजारच्या पाड्यावर एखाद्याचा डोळा बिघडला, की ती वार्ता दहा जणांचे पाऊल मागे खेचते. दहा जणांना दिसू लागल्याची वार्ता तितकी लांब जात नाही.

ह्यात स्त्रीची पाळी शेवटची येते. पुरुषाची दृष्टी गेली तर शेत अडते. स्त्रीची गेली तर "ती घरातच तर असते" असे म्हटले जाते. जगातील दृष्टिहीनांत स्त्रियांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे, ह्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हे वाक्यही आहे.

ही केवळ शेणव्याची गोष्ट नव्हे. तमिळ मुलखात मदुराईच्या बाजूस फुकट नेत्रशिबिरे नियमाने भरत असताही, डोळ्यांची तक्रार असलेल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे सातच जण तेथे येत होते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. फुकट म्हटलेली गोष्ट गरिबाला फुकट पडत नाही, हाच त्याचा अर्थ. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने हे ओळखले. डॉ. गो. वेंकटस्वामी ह्यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केले. ऐपतवान रोग्यांच्या पैशातून गरिबांचे उपचार चालविले. आणि शिबिरात निवडलेल्या रोग्यांना एकत्र गाडीतून नेणे, जेवू घालणे व परत पोचविणे हा त्या कामाचा भाग मानला. शेजारीण बरोबर असली की भीती निम्मी होते. १९९२ मध्ये त्यांनी कृत्रिम भिंगांचा कारखाना काढला व परदेशी भिंगाच्या अल्पशा किमतीत भिंगे मिळू लागली. नेपाळात डॉ. सांडुक रुइत आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९४ पासून काठमांडूच्या तिलगंगा केंद्रातून डोंगरी मुलखासाठी असेच काम उभे केले.

आपल्याकडेही थोर उदाहरणे आहेत. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात १९१६ साली जन्मलेले डॉ. मु. चे. मोदी गावोगाव शिबिरे भरवून हजारोंना दृष्टी देत हिंडले. लातूर जिल्ह्यातून आलेल्या डॉ. तात्याराव लहाने ह्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राहून मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, आणि रोग्याने आपल्याकडे यावे म्हणून वाट न पाहता आनंदवनासारख्या ठिकाणी ते स्वतः गेले. शाळेच्या खोलीत किंवा मांडवात चाकू चालविण्याची जुनी प्रथा जंतुसंसर्गाच्या भयाने आता मागे पडली आहे, आणि ते योग्यच झाले. शिबिरात रोगी निवडावयाचे आणि शस्त्रक्रिया कायमच्या शस्त्रक्रियागृहातच करावयाची, हा आजचा नियम आहे. परंतु त्यामुळे रस्त्याचे महत्त्व कमी न होता वाढले आहे.

म्हणून शेणव्याला मोठ्या रुग्णालयाची इमारत हवी, असे माझे म्हणणे नाही. आवणी आटोपल्यावर आणि कापणी सुरू होण्यापूर्वी जो थोडा सैल काळ मिळतो, त्या काळात पाड्यापाड्यांवरून ठरल्या दिवशी जाणारी व परत आणणारी एक गाडी हवी. पावसात शस्त्रक्रिया करू नये ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. साखर व दाब ह्यांची तपासणी गाडीत बसण्यापूर्वीच गावाजवळ व्हावी. नंतरची तपासणी तालुक्यातच व्हावी. बरोबर येणाऱ्याची बुडालेली मजुरी हा उपचाराच्याच खर्चाचा भाग धरावा.

शहरातील कुटुंबांना ह्यात काय करता येईल? आपण एखाद्या नेत्रसंस्थेला देणगी देता, तेव्हा शस्त्रक्रिया किती झाल्या एवढेच विचारू नका. रोग्यांना आणले कोणी, आणि महिन्याने पुन्हा तपासले कोणी, हेही विचारा. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईची आई गावी असेल, तर तिच्या डोळ्यांची चौकशी करा. आणि तिला न्यावयाचे असेल त्या दिवसांचा पगार कापू नका. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एकेक डोळा झाकून समोरची दिनदर्शिका वाचावयास सांगा. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचे आता कारण नाही; उलट फार पिकलेले भिंग काढणे अवघड जाते, आणि ते फुगून डोळ्यातील दाब वाढला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. काचबिंदू हा ह्याहून निराळा रोग आहे. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा.

चाकूचे काम नेत्रवैद्य करतो. परंतु पाड्यापासून त्याच्या मेजापर्यंतचे काम त्याच्या हातचे नाही. ते समाजाचे आहे, आणि आंधळेपण आज उरले आहे ते बव्हंशी ह्या वाटेवर. ही वाट बांधली गेली, तर त्या बाईला पुन्हा तांदूळ निवडता येतील, आणि तिची काठी सोडून तिची नात पुन्हा शाळेत जाईल.