मामूंच्या घराचा स्लॅब



बसरा हे नाव आपल्या बोलण्यात फार जुनं आहे. सराफाच्या पेढीवर बसऱ्याचे मोती, जळगावकडे बसराई केळी, आणि आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत रमजान आला की इराकचा खजूर. आखातातली गलबतं खजूर घेऊन मुंबईला यायची आणि तांदूळ, लाकूड, मसाले घेऊन परत जायची. ही ये-जा पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यामुळे युद्ध आणि आर्थिक निर्बंध या विषयावर बोला, असं सांगण्यात आलं तेव्हा मला आठवला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातल्या एका घराचा स्लॅब. माझ्या मामांच्या घराचा. आम्ही त्यांना मामू म्हणत असू.

मामू कुवेतला ड्रायव्हर होते. 2 ऑगस्ट 1990 रोजी सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मामूंची बँकेतली शिल्लक, मालकाकडे थकलेला पगार, खोलीतला टीव्ही, सगळं तिथंच राहिलं. एका बसमधून ते बगदादमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीवर पोचले. वाळवंटातल्या छावणीत दिवस काढले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला आले. त्या वेळी असे एक लाखाहून जास्त भारतीय विमानांनी परत आणले गेले. मामू आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. वाटेतल्या गोष्टींपैकी एकच ते पुन्हा पुन्हा सांगत. बगदादच्या अलीकडे बस बंद पडली, तेव्हा एका घरातली बाई बाहेर आली आणि तिनं सगळ्यांना खुबूस आणि पाणी दिलं. खुबूस म्हणजे तिकडची भाकरी. आखातात राहून आलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

त्या बाईच्या घरात पुढे काय झालं असेल, ते आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आक्रमणानंतर चौथ्या दिवशी, 6 ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक 661 केला. इराकशी सगळा व्यापार बंद. तेल विकायचं नाही, माल घ्यायचा नाही, परदेशातला पैसा गोठवलेला. औषधांना सूट, आणि 'मानवतावादी परिस्थितीत' अन्नाला. ती परिस्थिती आली की नाही, हे ठरवणार न्यूयॉर्कमधली एक समिती. कुवेतमध्ये अडकलेल्या आपल्याच माणसांसाठी धान्याचं जहाज पाठवायलासुद्धा भारताला त्या समितीची परवानगी लागली होती.

आता इराक हा तेलाचा देश. निम्म्याहून अधिक अन्न बाहेरून विकत घेणारा. तिथं सप्टेंबर 1990 मध्ये रेशन सुरू झालं. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल. मोहल्ल्यातल्या दुकानदाराकडे कार्ड दाखवायचं आणि महिन्याचा वाटा घ्यायचा. या रेशननं लाखो माणसं जगली, हे खरं. पण घरातल्या माणसांची यादी सरकारजवळ, आणि पिठाची चावीही सरकारजवळ. ज्याला दुबळं करायचं म्हणून निर्बंध घातले, त्याच्याच हातात प्रत्येक चूल गेली. पोटासाठी ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार?

1991 च्या युद्धात वीजकेंद्रांवर बॉम्ब पडले. वीज गेली की पाण्याचे पंप बंद, सांडपाण्याचे पंपही बंद. गटाराचं पाणी नदीत, नदीचं पाणी नळाला. ते शुद्ध करायला क्लोरीन हवा, पण क्लोरीनपासून विषारी वायूही होतो, म्हणून त्यावर नजर. अशा मालाला 'दुहेरी वापराच्या वस्तू' म्हणत. पंप, पाइप, सुटे भाग, सगळ्यांवर हा शिक्का बसू शकत होता. जुलाब हा आजार तिथं पुन्हा मुलांना मारू लागला. किती मुलं गेली? 1999 मध्ये पाच लाखांचा आकडा जगभर गाजला. पुढच्या पाहण्यांत मात्र तो टिकला नाही. सद्दामच्या सरकारनं आकडे फुगवले होते, असं संशोधकांनी दाखवून दिलं. मुलांच्या मरणाचंही दोन्ही बाजूंनी राजकारण झालं. पण आकडा कमी झाला म्हणून दूषित पाणी शुद्ध होत नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. सद्दाम हुसेन काही बिचारा नव्हता. 1991 मध्येच ठराविक तेल विकून अन्न घेण्याची सवलत देऊ केली गेली होती. ती त्यानं नाकारली. त्याचे महाल बांधले जातच होते. रिकाम्या ताटावर बसलेल्या माणसाला एका बाजूनं जग सांगत होतं, तुझ्या राजाला हटव. आणि राजा सांगत होता, तुझ्या उपासाला जग जबाबदार आहे. दोघांपैकी कोणीच उपाशी नव्हतं.

पैशाचं काय झालं ते पाहा. सरकारी दरानं एका इराकी दिनारला तीन डॉलरहून जास्त मिळत. 1995 च्या अखेरीस बाजारात एका डॉलरला तीन हजारांच्या आसपास दिनार द्यावे लागत होते. शाळामास्तरांचा महिन्याचा पगार दोन-तीन डॉलरवर आला. मास्तर टॅक्सी चालवू लागले, इंजिनिअर फुटपाथवर सिगारेटी विकू लागले.

मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून बगदादमधल्या अल-मुतनब्बी रस्त्याबद्दल वाचताना माझा जीव जास्त गुंततो. कवीचं नाव असलेला हा पुस्तकांचा बाजार, शुक्रवारी भरणारा. अरबांमध्ये म्हण आहे : कैरो लिहितं, बैरूत छापतं आणि बगदाद वाचतं. निर्बंधांच्या वर्षांत याच रस्त्यावर प्राध्यापक, वकील, लेखक आपापल्या घरची पुस्तकं विकायला बसले. आधी कपाट विकायचं की आधी पुस्तकं, हा विचार त्यांनी कसा केला असेल? बाहेरची पुस्तकं येणं थांबलं, म्हणून एखादी प्रत कुठून मिळाली की तिच्या झेरॉक्स काढून वाचल्या जात. देशाचा मध्यमवर्ग असा एकेक पान करून विकला गेला.

तुम्ही म्हणाल, हे दूरच्या देशाचं झालं. पण व्यापार हा पाण्यासारखा असतो. एकीकडे बांध घातला की दुसरीकडे पातळी बदलते. इराकची तेलवाहिनी तुर्कस्तानातून जायची. ती बंद झाली आणि तिच्या भाड्यावर जगणारी माणसं बसली. मग तुर्की ट्रक भाजी, पीठ घेऊन सरहद्दीपार जायचे आणि येताना टाकीत चोरटं डिझेल भरून आणायचे. श्रीलंकेचा चहा अडला, कारण इराकी माणूस मोठा चहाबाज. निर्बंधांमुळे आमचं नुकसान होतंय, अशी तक्रार 21 देशांनी सुरक्षा परिषदेकडे केली. त्यांत भारत होता. तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला, आधीच पोकळ झालेली आपली गंगाजळी आणखी रिकामी झाली आणि जुलै 1991 मध्ये 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. आमच्या गावातही सोनं गहाण पडलं. मामींच्या पाटल्या त्यांतल्याच.

आता स्लॅबकडे येतो.

संयुक्त राष्ट्रांनी युद्धातल्या नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. कुवेत सोडून यावं लागलेल्या साध्या माणसांना ठरलेली ठोक रक्कम मिळणार होती. मी घरात बी. ए. झालेला, म्हणून मामूंचा अर्ज मी भरला. काही वर्षं गेली आणि पैसे आले. घरावर कौलं होती, त्या जागी स्लॅब पडला. पाटल्या सुटल्या. स्लॅब टाकला त्या दिवशी आईनं गोड शिरा केला आणि मजुरांसह आम्ही सगळे जेवलो.

तो पैसा आला कुठून, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं 2005 मध्ये. त्या साली व्होल्कर समितीचा अहवाल आला आणि आपल्याकडे परराष्ट्रमंत्र्यांच्या खुर्चीवरून वादळ उठलं. 'तेलाच्या बदल्यात अन्न' या योजनेत जगभरच्या 2,200 हून अधिक कंपन्यांनी सद्दामच्या सरकारला वरकड पैसे चारले होते. आपण सारे मंत्र्याचं काय होणार ते वाचत होतो. मी मात्र वाचता वाचता योजनेच्या हिशेबापाशी थांबलो. डिसेंबर 1996 पासून इराकला तेल विकू दिलं, पण पैसा संयुक्त राष्ट्रांच्या खात्यात जमा व्हायचा. त्यातले 30 टक्के आधी नुकसानभरपाईसाठी बाजूला. संयुक्त राष्ट्रांचा खर्च वेगळा. उरलेल्यातून अन्न आणि औषधं. 2000 च्या अखेरीस ते 30 चे 25 टक्के झाले, पण कापले गेलेच.

म्हणजे आमचा स्लॅब त्या 30 टक्क्यांतला. भरपाई सद्दामच्या खिशातून नाही गेली. ती खुबूस देणाऱ्या बाईच्या पिठातून गेली.

ईदला गावी गेलो तेव्हा मी मामूंना म्हटलं, "मामू, तुम्हाला मिळालेले पैसे इराकच्या तेलाचे होते. तिथल्या लोकांच्या रेशनमधून कापलेले."

ते थोडे रागावले. "माझे कष्टाचे पैसे होते. तिथं बुडाले, ते मिळाले. भीक नाही घेतली."

त्यांचं चुकलं असं मी कसं म्हणू? त्यांचा हक्क खराच होता. रात्री अंगणात बसलो असताना ते आपणहून म्हणाले, "त्या बाईचं नावपण नाही विचारलं आपण."

निर्बंधांतलं खरं दुखणं मला इथं सापडतं. शिक्षा फर्मावणारा वर असतो, गुन्हा करणारा वर असतो. खाली मात्र एका गरिबाचा वाटा काढून दुसऱ्या गरिबाची भरपाई होते, आणि दोघांची ओळखही होत नाही. बॉम्ब पडला तर आवाज तरी होतो. इथं फक्त रेशनची पिशवी हलकी होत जाते.

मग निर्बंध कधीच नकोत का? तसंही म्हणवत नाही. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार भारतानं 1946 मध्येच तोडला होता, आणि तिथल्या काळ्या जनतेच्या नेत्यांनीच पुढे जगाकडे बहिष्कार मागितला. ज्यांना झळ लागणार, त्यांनीच तो मागितला. इराकी माणसाला कोणी विचारलं होतं? इराकच्या अनुभवानंतर निर्बंध थेट राज्यकर्त्यांच्या खात्यांवर, शस्त्रांवर घालावेत, असा विचार पुढे आला. तो चांगला आहे. पण बँका आणि जहाज कंपन्या भीतीपोटी साध्या मालापासूनही हात आखडतात, आणि पिशवी पुन्हा हलकी होते.

मे 2003 मध्ये इराकवरचे व्यापारी निर्बंध उठले, पण तोवर दुसरं युद्ध येऊन गेलं होतं. 5 मार्च 2007 रोजी अल-मुतनब्बी रस्त्यावर मोटारबॉम्ब फुटला. तीसच्या आसपास माणसं गेली. तिथल्या जुन्या चहाच्या दुकानाच्या मालकाचे चार मुलगे आणि एक नातू त्यांत होते. त्यानं दुकान पुन्हा उघडलं. बाजारही पुन्हा भरू लागला.

नुकसानभरपाईचा शेवटचा हप्ता इराकनं जानेवारी 2022 मध्ये भरला. एकूण 52 अब्ज डॉलरहून जास्त. कागदावरचा हिशेब मिटला. मामू त्याआधीच गेले. त्यांचं घर आहे, स्लॅब मजबूत आहे, पावसाळ्यात गळत नाही. रमजानमध्ये तिथं रोजा सोडायला बसलो की ताटात खजूर असतो. तो हातात घेताना मी त्या घरासाठी दुआ मागतो, ज्याच्या दारात एकदा आमची बस बंद पडली होती.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)