देवाचा धाक नको, देवाचा धीर द्या

कोणी भाकरी थापत ऐकत असेल, कोणी गोठ्यात, कोणी गटाच्या बैठकीला जमून. बचत, कर्ज, हप्ता, शेळ्या, पापड-लोणचं हे आपले नेहमीचे विषय. आज त्यातलं काही नाही. आज पोरांच्या भीतीबद्दल बोलूया.

हा विषय गटांमधूनच आला. पावसाळा तोंडावर आला की शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या नदीकाठच्या गावांत बैठकीचं कामकाज संपल्यावर बायका हळूच पोरांचं काढतात. "सर जोरात आली की पोरगी अभ्यास सोडून पदराला चिकटतीया." "पाणी पात्राबाहेर आलं म्हणलं की ह्याच्या पोटात दुखायला लागतंय." "नातवाला रात्रीचं परसात जायला भ्या वाटतंय." २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा कडेवर असलेली पोरं आज शाळेत जातात. काही तर तेव्हा जन्मलीही नव्हती, पण मोठ्यांच्या बोलण्यातून पूर त्यांच्याही मनात शिरलाय.

आणि या बोलण्याच्या शेवटी एक वाक्य हमखास येतं, "देवाचं नाव घे म्हणायचं, भ्या पळून जातंय." आम्हालाही हे पटतं. देवाने माणसाला धीर द्यावा, आणि आईने तो देव पोराला द्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. प्रश्न एवढाच आहे, की पोराच्या हातात आपण कोणता देव देतो?

दिवसभरात घरात देवाचं नाव कशासाठी निघतं, एकदा मोजून बघा. "खोटं बोललास तर देव डोळं फोडंल." "ताटात टाकू नको, देव शिक्षा करतो." "पुस्तकाला पाय लागला, पाप लागंल." दिवसभर देव असा काठी घेऊन उभा. आणि रात्री वीज गेली, पोर रडायला लागलं, की आपण म्हणतो, "भिऊ नको, देव हाय." पोराच्या डोक्यात काय येत असेल? हा तोच ना, दुपारी डोळे फोडणारा? ज्याची दिवसा भीती घातली, तो रात्री सोबतीला कसा येणार? म्हणून पहिली गोष्ट ही, की शिस्तीसाठी देवाला वापरू नका. खोटं का बोलायचं नाही, अन्न का टाकायचं नाही, याची कारणं आपल्याकडे आहेत, ती सांगा. भाकरीमागे किती हात लागतात ते पोराला शेतात नेऊन दाखवा. देवाला धीरासाठी राखून ठेवा.

आता धीर म्हणजे काय, ते सांगायला एक गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सीतेच्या शोधात निघालेले वानर समुद्राकाठी आले. समोर एवढं पाणी. प्रत्येकजण आपण किती लांब उडी मारू शकतो ते सांगतोय, पण पलीकडे जाऊन परत यायची खात्री कोणालाच नाही. मारुती मात्र एका बाजूला गप्प बसलेला. ताकद त्याच्या अंगात होतीच, पण त्याला तिची आठवण नव्हती. म्हातारा जांबवंत त्याच्याजवळ गेला. "गप्प का बसलास?" म्हणून त्याने त्याला हिणवलं नाही. तू कोण आहेस, लहानपणी तू काय केलंस, एवढंच त्याला आठवून दिलं. मग मारुती उठला.

मैत्रिणींनो, पोराला आपण "मारुतीसारखा हो" म्हणतो. पण मारुतीलाही जांबवंत लागला होता! घरातला जांबवंत कोण? आई, आजी, आत्या, नाहीतर शेजारची काकू. "एवढा मोठा घोडा झालास आणि भितोस व्हय?" असं म्हटलं की भीती जात नाही, ती फक्त लपते. त्याऐवजी आठवण द्या. "मागच्या महिन्यात सुई टोचताना हात हलवला नव्हतास. म्हशीच्या रेडकाला पहिल्यांदा तूच पाणी पाजलंस. ती ताकद देवानं तुला दिलेली हाय, ती कुठं गेली नाही." देव धीर देतो तो असा. आत आधीच ठेवलेला असतो, कोणीतरी जवळ बसून तो दाखवून द्यावा लागतो.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात अकरा मारुती स्थापन केले. त्यातले मनपाडळे आणि पारगावचे आपल्याच जिल्ह्यात आहेत. पारगावची मूर्ती तर अकरांतली सर्वांत लहान. जमलं तर पोरांना तिथे घेऊन जा. मूर्ती एवढीशी असली तरी लोक तिच्यापुढे बळ मागायला येतात, हे लहान पोराला बघायला फार आवडतं.

आता प्रार्थनेबद्दल. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर पोराला हात जोडायला लावतो, ते उत्तमच. त्यात दोन मिनिटांची भर घाला. आधी विचारा, "आज कशाची भीती वाटली?" उत्तर येईपर्यंत थांबा. हसू नका, दुसऱ्यापुढे सांगू नका. मग त्याच्याच शब्दांत देवाला सांगू द्या. "देवा, अंधार घालव" असं शिकवलं आणि वीज आली नाही, तर पोर म्हणणार देवाने ऐकलं नाही. "देवा, अंधारात माझ्यासोबत राहा, मला उठून बॅटरी घ्यायचं बळ दे," असं शिकवा. मागणं असं ठेवलं की देवाचं नाव घेऊन पोर स्वतः एक पाऊल टाकतं. पहिल्या दिवशी दारापर्यंत तुमचा हात धरून, दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात आणि ते अंगणात, मग हळूहळू परसापर्यंत. घाई नको. शेळीचं करडूसुद्धा पहिल्या दिवशी कळपात जात नाही.

आपल्या गटांत वेगवेगळ्या धर्मांच्या बायका आहेत. कोणाच्या घरी अंबाबाई, कोणाच्या घरी जोतिबा, कोणी बस्तीत जाते, कोणी नमाज पढते, कोणी बुद्धवंदना म्हणते. गावच्या पिरापुढे तर सगळ्याच डोकं टेकवतात. ज्या घरात ज्या नावाने मन शांत होतं, ते नाव घ्यावं. आईचा आवाज आणि पाठीवरचा हात सगळीकडे सारखाच असतो.

पण देव धीर देतो म्हणजे काहीही होणार नाही, असं पोराला सांगू नका. इथे नरसोबाच्या वाडीकडे बघूया. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तमहाराजांचं मंदिर आहे. पावसाळ्यात पाणी चढतं, उत्तरेच्या दाराने आत येतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक भक्तीने स्नान करतात. पण पाणी आणखी चढलं की काय करतात? देवाची उत्सवमूर्ती उचलतात आणि उंचावर नेऊन ठेवतात. पूजा तिथे चालू राहते. देव आहे म्हणून पाण्यात बसून राहायचं, असं वाडीत कोणी म्हणत नाही. पोराला हे सांगा. "पाणी वाढलं की देवसुद्धा वर जातो. आपण गेलो तर त्यात भित्रेपणा कसला?"

भीतीला काम दिलं की ती निम्मी होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. तुमच्या गावाची खूण वेगळी असेल, एखादा पूल, पायरी, नाहीतर मंदिराचा खांब. ती पोरांना दाखवून ठेवा. इथपर्यंत पाणी आलं की दप्तर आणि कागदपत्रं पिशवीत, तिथपर्यंत आलं की गुरं सोडायची आणि घर सोडायचं. बॅटरी कोण घेणार, आजीचा हात कोण धरणार, हे आधीच ठरवा. ज्या पोराकडे आजीचा हात धरायचं काम आहे, ते कमी रडतं.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. एका बैठकीत एका ताईंनी विचारलं, "रोज दिवा लावत हुतो. तरी घर पाण्यात गेलं. पोरगं म्हणतंय, तवा देव कुठं हुता? काय सांगू?" बैठक गप्प झाली.

याचं झटपट उत्तर देऊ नका. "आपलंच काहीतरी पाप असंल" हे तर कधीच म्हणू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना नाव उलटली, बायका-पोरं गेली. त्यांची भक्ती कमी होती असं कोण म्हणेल? संकट हे शिक्षा म्हणून येत नाही. पोराला खरं सांगावं, "पूर का आला याची कारणं पावसात, नदीत, धरणात आणि माणसांच्या वागण्यात हायत. देवानं तो का थांबवला नाही, ते आम्हालाबी कळत नाही. पण त्या रात्री सगळ्यांना भ्या वाटत हुतं, तरी शेजारच्यानं आजीला पाठीवर घेतलं. जवान नावा घेऊन आले. ज्या गावांत पाणी नव्हतं, तिथल्या बायकांनी भाकऱ्या भाजून पाठवल्या. त्यांना ते बळ कुणी दिलं, सांग बरं?" उत्तर पोरालाच शोधू दे. त्याला नाही पटलं तरी चालेल. प्रश्न विचारणारं पोर देवापासून लांब गेलेलं नसतं.

शेवटी तीन गोष्टी नीट ऐका.

एक, काही भीती घालवायची नसते, ऐकायची असते. एखाद्या माणसाजवळ जायला पोर घाबरत असेल, मग तो नात्यातला असो की ओळखीचा, तर "देवाचं नाव घे आणि जा" म्हणू नका. ती भीतीच देवाची सूचना समजा. पोराला जवळ घ्या, विचारा, त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन रात्रंदिवस चालू असतो.

दोन, पोर झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करतं, खेळणं सोडतं, शाळेला नको म्हणतं, आणि असं काही आठवडे चाललं, तर दृष्ट काढून थांबू नका. अंगारा लावताना आईचा हात कपाळाला लागतो, ते चांगलंच. पण सोबत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. कोल्हापुरात सीपीआर आहे. १४४१६ वर फोन करून मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येतं.

तीन, "बाहेरचं लागलंय" म्हणून पोराला कोंडणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जो भीती वाढवून पैसे घेतो, त्याच्याकडे देव नसतो.

पुढच्या बैठकीसाठी एक काम. वसुली आणि नोंदी झाल्या की प्रत्येकीने सांगायचं, की या आठवड्यात पोराला कशाची भीती वाटली आणि तिने त्याला कोणती आठवण करून दिली. लिहून ठेवायची गरज नाही, फक्त सांगायचं. एकीचं ऐकून दुसरीला सुचतं.

आणि हो, हे फक्त पोरांसाठी नाही बरं का. पहिल्यांदा बँकेत सही करताना आपल्यातल्या कितीजणींचा हात थरथरला होता! तेव्हा शेजारी बसलेलीने कोपराने ढोसून म्हटलं होतं, "कर की गं, येतंय तुला." जांबवंत आपल्या गटातही आहेत. पोरांनाही तेवढंच हवं असतं.