कुलगुरूंच्या नेतृत्वाची पारख



कुलगुरूंची निवड हा विद्वानांच्या बैठकीतील विषय, त्याच्याशी गावकऱ्यांचा काय संबंध, असे आपणांस वाटण्याचा संभव आहे. परंतु परीक्षेचा निकाल लांबला, तर नोकरीचा अर्ज राहतो तो आपल्याच मुलाचा. वसतिगृहात जागा नसली, तर शिक्षण थांबते ते आपल्याच मुलीचे. म्हणून विद्यापीठाचा प्रमुख कसा पारखावा, याचा विचार आपणही केला पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी या पदासाठी किमान १० वर्षांच्या अनुभवाची अट घातली; सचोटी व संस्थेविषयीची निष्ठा यांचीही अपेक्षा ठेवली. वर्षे मोजता येतात. निष्ठा मोजावयाची कशी?

बडोद्याचे उदाहरण घेऊ. १९४९ साली येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्यांची ख्याती प्राध्यापक म्हणून नव्हती. त्या घटना समितीच्या सदस्य होत्या. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक घोषणेत 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघणारे शब्द बदलून 'सर्व माणसे' असे स्पष्ट शब्द आले, ते मुख्यत्वे त्यांच्या आग्रहामुळे. दाराबाहेर कोण राहिले, हे पाहणारी ती दृष्टी होती. १९५८ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञान, ललितकला व समाजकार्य यांचे शिक्षण येथे सुरू झाले. त्या काळी फारच थोड्या विद्यापीठांत या विषयांना स्थान होते. त्या विद्याशाखा आजही चालू आहेत.

अर्थात हे श्रेय एकट्या व्यक्तीचे नव्हे. शिक्षक, कारकून, शिपाई, विद्यार्थी या सर्वांच्या हातांनी विद्यापीठ उभे राहते. म्हणूनच नेतृत्वाची साक्ष केवळ अर्जावरून घेऊ नये. उमेदवाराने पूर्वी जेथे काम केले, तेथील या मंडळींनाही विचारावे.

विचारावयाचे प्रश्न तीनच. यांच्या काळात कोणासाठी दार नव्याने उघडले? विरोधी मत मांडणाऱ्याचे यांनी ऐकून घेतले काय? आणि यांनी खुर्ची सोडल्यानंतर काम चालू राहिले, की थांबले?

प्रमाणपत्रांवरून विद्वत्ता कळते. नेतृत्व मात्र मागे राहिलेल्या कामावरून कळते. निवड करणाऱ्यांनी ही कसोटी लावावी, आणि ती लावली गेली काय, हे विचारण्याचा अधिकार आपण सोडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.