फीत शाबूत, यंत्र नादुरुस्त

घरच्या संगणकावरील विंडोज मीडिया प्लेयर एकाएकी मुका झाला की पुष्कळजण घाबरून सारा संगणकच पुसून घेतात आणि ग्रामसभेचे वा स्नेहसंमेलनाचे एकमेव ध्वनिमुद्रण गमावून बसतात. वास्तविक टेपरेकॉर्डर निराळा आणि कॅसेट निराळी, तसा प्लेयर निराळा आणि ध्वनिमुद्रणाची फाइल निराळी. प्लेयर काढल्याने फाइल जात नाही.

प्रथम दोष कोठे आहे ते पाहावे. एकच फाइल अडत असेल आणि इतर चालत असतील, तर प्लेयर सहसा निर्दोष असतो. मोबाइलवर घेतलेली चित्रफीत पुष्कळदा एचईव्हीसी पद्धतीने साठविलेली असते. ती उलगडणारा कोडेक संगणकात नसला की चित्र उमटत नाही. व्हीएलसी प्लेयरमध्ये तो अंतर्भूतच असतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, या प्लेयरवर डीव्हीडीही चालत नाही; तेथे दुरुस्तीचा खटाटोप व्यर्थ होय.

काहीच चालत नसेल तर मात्र पुनःस्थापना करावी. हा प्लेयर विंडोजचाच भाग असल्याने कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स चालू-बंद करण्याच्या यादीतून त्याची खूण काढावी, संगणक पुन्हा सुरू करावा, खूण परत करून आणखी एकदा सुरू करावा. तत्पूर्वी मोलाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेण्याचा आळस करू नये.