बोली कोणाच्या तोंडी?

आपल्या मालिकांमधलं गावाकडचं माणूस बोलू लागलं, की ते नेमकं कोणत्या गावचं हे सहसा ओळखता येत नाही. ‘ण’चा ‘न’ करायचा, अधूनमधून ‘व्हय’ आणि ‘लई’ पेरायचं, आवाज चढवायचा, अशी एक ठरीव ग्रामीण भाषा तयार झाली आहे. ती ना कोल्हापूरची, ना बीडची, ना अकोल्याची. कोल्हापूरकडची बाई ‘मी जातो’ म्हणते, वऱ्हाडात ‘तो जाऊन राह्यला’ म्हणतात आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तर मालवणी माणसाच्या तोंडी ‘मला’च्या जागी ‘माका’ येतं. शिवाय प्रत्येकाचा हेल निराळा. वाक्य कुठं चढतं, कुठं रेंगाळतं, एवढ्यावरून जाणता कान मुलूख सांगतो. पण उच्चार चुकतात याहून मला जास्त खुपतं ते हे, की बोली कोणाच्या वाट्याला येते. नायक-नायिका खेड्यात वाढलेली असली तरी प्रेम करतात प्रमाण मराठीत. बोली उरते गड्याला, मोलकरणीला, विनोदी मित्राला आणि खलनायकाला. हे रोज ऐकणारं मूल, आपल्या घरची भाषा हसण्याची किंवा भिण्याची आहे, एवढंच शिकतं.

2016 साली आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ या चित्रपटानं ही वाटणी मोडली. तिथं करमाळा-अकलूजकडची बोली पाटलाची लेक आर्चीही बोलते आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्याही. आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू त्याच मुलखातली असल्यानं तिचा ठसका उसना वाटत नाही. आर्ची त्याच बोलीत दरडावते, त्याच बोलीत लाजते. उत्तरार्धात ती दोघं हैदराबादला पोचतात आणि भोवताली तेलुगू सुरू होते. गावात जिच्या एका शब्दावर माणसं हलत, तिचं बोलणंच तिथं कोणाला कळत नाही. तिची सत्ता गेली हे प्रेक्षकाला कानांनी समजतं. गावातली आर्ची प्रमाण मराठीत बोलली असती, तर हा घाव इतका खोल गेला नसता.

पात्रांना अस्सल बोली द्यावी म्हटलं, की पहिला आक्षेप येतो: ती इतर भागांतल्या प्रेक्षकांना कळणार नाही. पण ‘सैराट’ अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिला. त्याच्याही कितीतरी आधी, 1980 साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’चे मालवणीत हजारो प्रयोग झाले, मच्छिंद्र कांबळींनी ते नाटक थेट लंडनपर्यंत नेलं. एखादा शब्द निसटला तरी प्रसंग निसटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्या त्या गावच्या नटानंच ती भूमिका करायची, तर अभिनय कशाला म्हणायचं? ही अट मी घालणार नाही. निळू फुले पुण्यात जन्मले, पण ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा हिंदुराव बोलू लागला की साखर कारखान्याच्या सत्तेचा दर्प येतो. बोली शिकता येते. मात्र शिकायला वेळ लागतो, आणि रोजच्या मालिकेत तोच नसतो. संवाद प्रमाण भाषेत लिहून सेटवर त्यांना गावरान रंग द्यायचा, ही घाईची रीत आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ आणि ‘लागिरं झालं जी’ या मालिकांचं चित्रीकरण कोल्हापूर आणि सातारा भागात झालं, स्थानिक कलाकार पडद्यावर आले, हे पाऊल मी मोलाचं मानतो.

शिकलेली माणसं प्रमाण भाषाच बोलतात, असंही कोणी म्हणेल. कचेरीत बोलतातही. पण अमरावतीकडची अधिकारी बाई बैठकीत प्रमाण मराठी बोलते आणि आईचा फोन आला की त्याच खुर्चीवर बसून वऱ्हाडीत बोलते. दोन्ही भाषा तिच्याच आहेत. आपल्या पटकथांमध्ये अशी अधिकारी फार क्वचित भेटते, आणि भेटली तरी आईचा तो फोन सहसा लिहिलेला नसतो.