इंजिन बांधायचं की बदलायचं?

आज पापडाचा किंवा शिवणकामाचा विषय नाही. आज मी मोटारसायकलच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. हसू नका. हा विषय आपल्या गटाच्या बैठकीत आला, तब्बल दीड तास चालला आणि त्यापायी दोघी एकमेकींशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

पारोळा तालुक्यातल्या एका गटातली ही गोष्ट. गटातल्या एक वहिनी उडदाचे पापड करतात आणि थंडीत भरिताची वांगीही विकतात. माल जातो धुळ्याला. दादा गाडी चालवतात, वहिनी मागे गाठोडं धरून बसतात. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. गाडी स्प्लेंडर, चौदा वर्षं जुनी. बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, गाडी तेल पी राहिनी. मिस्तरी म्हनस, इंजिन गयं. आते काय करानं?"

घरात तीन मतं होती. मिस्तरी म्हणत होता, फुल इंजिन काम करा, चौदा हजार. दादांच्या मनात नवी गाडी हप्त्यावर घ्यायची होती. आणि भाचा म्हणत होता, भंगारातलं इंजिन दहा-अकरा हजारात मिळतं, तेच बसवू. वहिनींनी गटाकडे कर्ज मागितलं. आपल्या नोंदवहीत शेती, आजारपण, शिक्षण, बकरी असे रकाने आहेत. गाडीच्या इंजिनाला रकानाच नव्हता. एकीने विचारलं, ही गरज म्हणायची की चैन? मला विचाराल तर ज्या गाडीवर माल बाजारात जातो ती गाडी बकरीइतकीच कमाईची आहे. पण पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे, तेव्हा आंधळेपणाने देऊन चालणार नव्हतं.

मी गप्प बसू शकले नाही त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गाडीला असाच धूर यायला लागला. आम्ही वरचं काम केलं, बोअर-पिस्टन टाकलं, सहा हजार गेले. दोन महिन्यांत खालून खडखड सुरू झाली. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग आधीच संपलेली होती, पण ती कोणी पाहिलीच नव्हती. चूक मिस्तरीची होती तशी आमचीही होती, कारण आम्ही विचारलंच नाही. ते सहा हजार पाण्यात गेले.

म्हणून आधी हाफ इंजिन आणि फुल इंजिन म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, वॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन आणि त्याच्या रिंगा. तेवढंच काम केलं तर हाफ. खालचा भाग म्हणजे क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगा आणि गिअर. त्यासाठी इंजिन गाडीतून उतरवून दोन फाका करावं लागतं, ते फुल. हाफ आणि फुलच्या खर्चात दुपटीचा फरक सहज पडतो. म्हणून "इंजिन गेलं" एवढं ऐकून पैसे काढायचे नाहीत. वरचं गेलं की खालचं, हे विचारायचं.

धूरही काही सांगतो. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, एअर फिल्टर मातीने बंद झाला असेल किंवा कार्बोरेटर बिघडला असेल. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत फिल्टर किती लवकर भरतो हे तुम्हाला मी काय सांगणार. ते काम थोडक्यात होतं, इंजिन उघडायची गरज नाही. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की भकाभका धूर येतो आणि मग कमी होतो, तर बहुधा वॉल्व्हचे सील गेलेत. चढावर, ओझ्यावर, ॲक्सिलरेटर पिळला की धूर वाढतो, तर रिंगा आणि बोअर झिजलेत असं समजा. या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं पावशेर जळालं आणि कोणी काडी काढून पाहिलंच नाही, तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात पिस्टन धरायला वेळ लागत नाही.

वहिनींच्या गाडीवर मिस्तरीने एक साधी परीक्षा केली, आम्ही समोर उभ्या होतो. प्लग काढला, त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकलं, प्लग लावून हाताने किक दाबून पाहिली. आधी किक सैल जात होती, आता दाब जाणवला. तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणून दाब आला. म्हणजे दोष रिंगा-बोअरचा. तेल टाकूनही दाब वाढला नसता तर वॉल्व्हकडे पाहावं लागलं असतं.

गटाने कर्जाला एक अट घातली आणि ती मला फार आवडली. आधी फक्त वरचं उघडायचं, सामान काहीच आणायचं नाही, आणि उघडल्यावर आम्हाला बोलवायचं. आम्ही तिघी गेलो. गॅरेजवाले दादा आधी गोंधळले. लुगड्यातल्या आजी कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून बघताहेत, असं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असेल. रॉड बाजूला थोडा हलतो, ते चालतं, तेवढी जागा लागतेच. वर-खाली मात्र अजिबात खेळ नको. या गाडीचा रॉड वर-खाली हलला नाही. क्रँक फिरवला तर खरखर नव्हती. म्हणजे खालचं शाबूत होतं, फुल कामाची गरज नव्हती. चौदा हजाराचे साडेसात झाले ते इथे.

दुसरी गोष्ट पिस्टनच्या डोक्यावर दिसली. तिथे ५० असा आकडा होता. या ९७ सीसीच्या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा, पण तो आकडा त्याचा नव्हे. बोअर झिजला की लेथवाला तो पाव-पाव मिलिमीटर वाढवतो आणि तेवढा मोठा पिस्टन बसवतो. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशी मापं मिळतात. म्हणजे हा बोअर आधीच अर्धा मिलिमीटर वाढलेला होता. अजून एकदा मारता आला असता. पण चांगला लेथवाला जळगाव-धुळ्याला, माप चुकलं तर पुन्हा तोच धूर. फरक पंधराशेचा होता, म्हणून नवा ब्लॉक-पिस्टन संचच घ्यायचा असं ठरलं.

आता भाच्याच्या भंगारातल्या इंजिनाबद्दल. त्याला मी स्पष्ट नाही म्हणाले. इंजिनावर नंबर असतो आणि तोच नंबर आरसी बुकात असतो. इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नवा नंबर नोंदवावा लागतो, एमएच १९ असो की एमएच १८. नोंद केली नाही आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस आपल्या दारात. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याचं बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय त्याच्या आतलं काय झिजलंय ते बाहेरून कळत नाही. आपलं इंजिन आपल्याला निदान ठाऊक तरी असतं. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा नव्याचं जुन्याला सहज बसेल असंही समजू नका.

दादांची नवी गाडी मात्र मी हसण्यावारी नेली नाही. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, तपासणी आणि कर वेगळा. वहिनींच्या गाडीला एकच वर्ष उरलं होतं. चेसिस गंजलेली असती, खालचंही गेलं असतं, तर मी नवीच घ्या म्हणाले असते. चौदा हजार अशा गाडीत घालणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. पण सांगाडा चांगला होता, आणि हप्ते पापडाच्या भरवशावर भरायचे होते. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, हप्ता मात्र थांबत नाही.

गटाने आठ हजार दिले, दोन टक्के महिना, दहा हप्ते. व्याज उरलेल्या रकमेवर, म्हणजे सगळं मिळून आठशे ऐंशी. काम झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू चालवायची, ओझं कमी, आणि मग तेल बदलायचं, असं मिस्तरीने सांगितलं. तेल मोटारसायकलचंच हवं. या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, मोटारीचं तेल टाकलं तर तो घसरतो. दादांनी पहिल्याच आठवड्यात तिघांना बसवून लग्नाला नेलं, त्यावरून घरात जे झालं ते मी रेडिओवर सांगत नाही.

चार हप्ते आले आहेत. नोंदवहीत आता "वाहन" असा रकाना आहे, आणि त्याखाली दुसरा अर्ज पडून आहे. मोपेड आहे, अठरा वर्षांची, आरसी सापडत नाही. त्यावर येत्या बैठकीत भांडण होणार हे नक्की. ताई येताना फक्त गाडी आणू नका, कागदही शोधा, असं मी निरोप पाठवला आहे.