सही खरी, पण मजकूर कोणता?



क्रिप्टोचलनातल्या सहीवर कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. कोऱ्या कागदावर घेतलेली सही हे आमच्या चळवळीचे जुने दुखणे आहे. आणि आज आपल्या नवी मुंबईतली कामगारांची मुले मोबाईलवर जे चलन विकत घेतात, त्याचा सारा डोलारा सहीवरच उभा आहे. तेव्हा ही सही कशाची ग्वाही देते आणि कशाची देत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

कागदावरची आपली सही दर वेळी सारखीच असते. म्हणूनच तिची नक्कल होते. खाली सही तशीच ठेवून वर शंभराचे हजारही करता येतात. डिजिटल सहीची गोष्ट निराळी. तिची कल्पना डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली मांडली. तीत प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, दुसरी जाहीर. बिटकॉइनमध्ये गुप्त किल्ली म्हणजे सुमारे ७८ आकडी संख्या. तिच्यावरून जाहीर किल्ली काढता येते; उलट दिशेने जाणे मात्र आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.

आता सही होते कशी? 'या पत्त्यावरची इतकी नाणी त्या पत्त्यावर द्यावीत' असा मजकूर तयार होतो. गणिताने त्या मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढतात. त्याला हॅश म्हणतात. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. हा ठसा आणि गुप्त किल्ली यांच्या गणितातून सही निघते. म्हणजे मजकूर बदलला की सहीही बदलली! जगभर पसरलेले संगणक मजकूर, सही आणि जाहीर किल्ली यांचा मेळ घालून पाहतात. मेळ बसला नाही, तर व्यवहार तिथेच फेटाळला जातो. तपासणीसाठी गुप्त किल्ली कोणाला दाखवावी लागत नाही. तीच नाणी आधी दुसऱ्याला देऊन झालेली नाहीत ना, हे मात्र सही सांगत नाही. ते सामायिक खातेवहीत पाहावे लागते.

इतकी पक्की व्यवस्था, मग उणे कुठे? १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टोबाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची मालमत्ता चोरीला गेली. त्या तिजोरीला सहा किल्ल्या होत्या. पाच वझीरएक्सच्या, एक लिमिनल या सांभाळ करणाऱ्या कंपनीची. वझीरएक्सच्या तिघांनी सही करावी, मग लिमिनलने शेवटची मंजुरी द्यावी, असा शिरस्ता होता. वझीरएक्सचे म्हणणे असे की, पडद्यावर एक मजकूर दिसत होता आणि सही पडली ती दुसऱ्याच मजकुरावर. लिमिनलने आपल्याकडे दोष नसल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी ही चोरी उत्तर कोरियाची असल्याचे जाहीर केले. वाद काहीही असो. सह्यांचा मेळ बसला, आणि पैसा गेला. हजारो लहान गुंतवणूकदारांचे चलन वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

तात्पर्य असे, की कोणत्या किल्लीने कोणत्या मजकुरावर सही झाली, एवढेच गणित सांगते. किल्लीमागे कोण बसला होता, त्याला काय दाखवले आणि त्याला काय समजले, हे ते सांगत नाही.

आपल्या वाशीच्या बाजारातला माथाडी हे जाणतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी मालकाच्या हातून थेट देण्याऐवजी माथाडी मंडळात भरण्याची व्यवस्था केली. का? एका अंगठ्यावर मजुराचे पोट सोडू नये म्हणून! अंगठ्यामागे मंडळ उभे राहिले, दाद मागायला एक दार मिळाले. सरकारी कामात चालणाऱ्या डिजिटल सहीमागेही २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे, माणसाची ओळख पटवून प्रमाणपत्र देणारी संस्था आहे. बिटकॉइनच्या सहीमागे असे कोणी नाही. चुकीच्या पत्त्यावर सही झाली, तर ती परत फिरवणारा साहेबही नाही आणि न्यायमंडळही नाही.

मी विज्ञानाच्या विरोधात नाही. हे गणित मानवी बुद्धीचा मोठा विजय आहे. पण मालकाचा कागद वाचून घेतल्याखेरीज सही करू नका, हे आम्ही फाटकाच्या सभांतून सांगत आलो. तेच आज मोबाईलच्या पडद्याबद्दल सांगतो. गुप्त किल्ली कोणाला सांगू नका. आपले चलन बाजारवाल्याच्या ताब्यात असेल, तर किल्ली त्याची आहे, आपल्याकडे केवळ त्याचा शब्द आहे, हे ओळखा. आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, मुलीच्या शिक्षणाचा पैसा असल्या सहीच्या भरवशावर लावू नका. नाही तर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी गत व्हायची.